पुस्तकांची मुडी

नव्या पुस्तकाचा वास किती छान असतो, असं कुणी डोळे मिटून म्हणायला लागलं की मी गप्प बसते. माझ्या आठवणीतल्या पुस्तकांना धुराचा वास येतो, आणि धुराच्या मागोमाग खाऱ्या बांगड्याचा. हे चारचौघांत सांगायची सोय नाही. म्हणून इथे लिहून टाकते.

आमचं गाव आंबोलीच्या घाटाखाली. घाटावरचा पाऊस उतरून आमच्याकडे मुक्कामाला येतो आणि गणपती गेले तरी उठायचं नाव घेत नाही. वडिलांची थोडी भातशेती, काजूची चार झाडं, बैलजोडी आणि एक म्हैस. मी बारावी झाले ते ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. त्या काळी आमच्या वाडीत बारावी झालेली मुलगी एक तर मुंबईला नातेवाइकांची मुलं सांभाळायला जायची, नाही तर लग्नाची व्हायची. मला दोन्ही नको होतं. मला कॉलेजात जायचं होतं. कशासाठी, ते धड सांगता येत नव्हतं. आणि सांगता आलं नाही की मी चिडते, हा माझा जुना रोग आहे.

"शिकान काय करतलंस?" वडील म्हणाले. "तरवो काय पुस्तकात बघून लावतलंस?"

तरवा म्हणजे भाताची रोपं. आमच्या घरात सगळ्या वादांचा शेवट तरव्यापाशी व्हायचा.

"लावतलंय," मी म्हटलं. मागे हटायचं नाही एवढंच मला माहीत होतं.

आई चुलीपुढे होती. तिने फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, "जांवदे तिका. एक वरस बघूया."

शेवटी असं ठरलं की फी वडील भरतील; एस.टी.चा पास, वह्या, पुस्तकं हे माझं मी बघायचं. वर्षभर जमलं तर पुढे, नाही जमलं तर मुंबईची मावशी वाट बघत होतीच. वडिलांनी हे रागाने सांगितलं नाही. त्यांच्याकडे खरोखरच त्याहून जास्त नव्हतं. पण ते कळण्याएवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. मी दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी आईने फणसाची भाजी केली, तेव्हा जेवले.

कॉलेज तालुक्याच्या गावात, एस.टी.ने पाऊण तासावर. तिथे 'कमवा आणि शिका' योजना होती. घरची परिस्थिती नसलेल्या मुलांनी तास संपल्यावर कॉलेजातच रोज दोन तास काम करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. मुलगे बागेत खणायचे, वर्गांतली बाकं हलवायचे, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुवायचे. मुलींसाठी ग्रंथालयात एकच जागा होती आणि अर्ज आले होते पाच. पाच जणींची मुलाखत घ्यायची ठरली.

मुलाखतीच्या दिवशी मी एस.टी.च्या खिडकीपाशी बसून सबंध वाट 'मला, तुला, कुठे, आहे' असं पुटपुटत होते. घरी आम्ही माका, तुका, खंय, आसा करणारी माणसं. कॉलेजात पुस्तकातली मराठी बोलायची असते, एवढं ऐकून होते. शेजारी बसलेल्या म्हातारीला वाटलं मी जप करतेय. तिने उतरताना मला नमस्कार केला.

मुलाखतीला दोघेच होते. एक उपप्राचार्य आणि दुसरे ग्रंथपाल सर. ग्रंथपाल सर म्हणजे किरकोळ बांध्याचे, पन्नाशीचे गृहस्थ. हातात कायम घडी घातलेला पांढरा रुमाल. पुस्तकाला हात लावण्याआधी ते रुमालाने बोटं पुसत, आणि पुस्तक ठेवल्यावर पुन्हा पुसत. आधीच्या चार मुलींनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मला उपप्राचार्यांनी विचारलं, "अनुक्रमणी म्हणजे काय, सांगता येईल?" आणि सगळा जप विसरून माझ्या तोंडून निघालं, "माका कळला नाय."

उपप्राचार्य हसले. ग्रंथपाल सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पुस्तकं तुझ्या ताब्यात दिली तर त्यांची निगा कशी राखशील?"

मी आता चिडले होते, स्वतःवरच. म्हटलं, "बियाण्यासारखी राखीन, सर. बियाणं बिघडलं की पुढचं वर्ष गेलं."

सरांनी रुमालाची घडी बदलली आणि माझ्या नावापुढे खूण केली. ते उत्तर मला नोकरी देऊन गेलं. पुढे त्याच उत्तराने मला गोत्यात आणलं, कारण मी ते जसंच्या तसं पाळलं.

सरांनी मला एक कपाट दिलं. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, चिऱ्याच्या भिंतीला लागून, सागवानी कपाट. गावातल्या एका दिवंगत शिक्षकाच्या घरच्यांनी त्यांची जन्मभराची पुस्तकं कॉलेजला दिली होती, ती त्यात होती. साठेक असतील. सरांचा त्या कपाटावर फार जीव. "ही पुस्तकं पुन्हा मिळायची नाहीत," ते म्हणाले. नियम दोनच. पावसाळाभर रोज तासभर दारं उघडी ठेवायची, प्रत्येक पुस्तक कोरड्या फडक्याने पुसायचं आणि ओल धरू नये म्हणून आत लावलेला बल्ब पेटता आहे ना ते बघायचं. आणि दुसरा नियम, ह्या कपाटातलं पुस्तक ह्या खोलीबाहेर जाता कामा नये. महिनाअखेरीला उपप्राचार्य योजनेतल्या प्रत्येकाचं काम बघायला येत. ज्याचं काम नीट नाही त्याचं नाव कटे आणि वाट बघणाऱ्या दुसऱ्या कुणाचं तरी लागे. माझ्यामागे चार जणी होत्याच.

पहिले पंधरा दिवस मी ते कपाट देव्हाऱ्यासारखं सांभाळलं. मग लावणी आली.

लावणीचे दिवस म्हणजे आमच्याकडे घरातलं कुणी माणूस माणूस राहत नाही, नुसते हात राहतात. चिखल तयार, तरवा उपटून ठेवलेला, पाऊस हवा तसा. वडील म्हणाले, "कॉलेज काय पळान जाता? तरवो थांबाचो नाय." ते खरंच होतं. मी आठ दिवस गुडघाभर चिखलात वाकून लावणी केली. कॉलेजात कळवायचं सुचलं नाही असं मी स्वतःला सांगत असे, पण ते खोटं आहे. कळवायची मला भीती वाटली. लावणीसाठी रजा मागितली तर सर म्हणतील, मग शेतच कर, असं मला वाटलं.

नवव्या दिवशी गेले आणि म्हटलं, "सर, ताप आला होता."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग म्हणाले, "बरं. कपाट उघड."

दार उघडलं तसा कुबट वास अंगावर आला. बल्ब कधीचा उडाला होता. पुस्तकांच्या पाठींवर पांढरी बुरशी धरली होती, आणि खालच्या खणात हिरवी. सर काही बोलले नाहीत. त्यांनी एक पुस्तक काढलं, रुमालाने हळूहळू पुसलं आणि तो रुमाल घडी न घालताच खिशात कोंबला. ते ओरडले असते तर मीही मनातल्या मनात ओरडून मोकळी झाले असते. त्या गप्प राहण्याने मात्र मला रडू आलं.

नवीन बल्ब लावला, तर वीज दिवसाकाठी चार वेळा जायची. पुसावं तर दोन दिवसांनी बुरशी परत. ऊन म्हणावं तर दसऱ्यापर्यंत त्याचं दर्शन नाही. महिनाअखेर पुढ्यात आलेली. माझं नाव जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं. नाव गेलं की पास गेला, पास गेला की कॉलेज गेलं, आणि मुंबईत मावशीच्या घरी दुसऱ्याच्या मुलांची दुपटी धुणं आलं.

मग एका संध्याकाळी, पहिला नियम मोडला होता त्याच्या भरपाईला मी दुसरा मोडला. सहा पुस्तकं युरियाच्या पोत्यातल्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली, पिशवीत घातली, वर माझ्या वह्या ठेवल्या, आणि घरी आणली.

आईने एक पुस्तक हातात घेतलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण बुरशी तिला कुणापेक्षाही चांगली वाचता यायची. "अगो, ह्येंका धूर होयो," ती म्हणाली. मला जे म्हणायचं होतं तेच ती म्हणाली.

आमच्या चुलीच्या वर बांबूच्या कामट्यांचा माळा होता. भाताचं बियाणं आम्ही मुडीत ठेवायचो. मुडी म्हणजे गवताच्या पेंढ्यात भात भरून, वर गवताचीच दोरी घट्ट वळून केलेला गोळा. ती मुडी माळ्यावर, धुरात. धुरामुळे त्याला ना कीड लागे, ना ओल. जूनमध्ये पेरणी झाली की मुडीची जागा रिकामी व्हायची. रिकामी म्हणजे पावसाच्या बेगमीचे खारे बांगडे एका कडेला टांगलेले असायचे तेवढेच.

"आणि बांगडे?" मी विचारलं.

"कडेक करतंय," आई म्हणाली. "ते काय पुस्तक वाचूक जावचे नाय."

तर अशी ती पुस्तकं माळ्यावर चढली. आईने खाली आपलं जुनं लुगडं अंथरलं, पुस्तकं उघडी करून उपडी ठेवली आणि पापड परतावेत तशी दर थोड्या वेळाने परतू लागली. दोन दिवसांत बुरशी वाळून झडली. नुसतं फडकं मारलं की साफ. मी ती नेऊन कपाटात ठेवली आणि दुसरी सहा आणली.

ते पंधरा-वीस दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे मी आज मोकळेपणाने सांगते. संध्याकाळी आई भाकरी करायची, मी चुलीच्या उजेडात बसून माळ्यावरून काढलेलं पुस्तक पुसायची, आणि आई विचारायची, "ह्येच्यात काय लिवला हा?" मग मी वाचून दाखवायची. एक पुस्तक घरगुती औषधांचं होतं. त्यात खोकल्यावरचा काढा दिला होता. आई भाकरी थापता थापता थांबली. "ह्या चुकीचा हा," ती म्हणाली. "आधी आडुळसो उकळूक होयो."

"आये, छापलेला हा ता."

"छापला म्हणान खरा काय?"

मला हसू आवरेना. वडील पडवीत पान जुळवत बसलेले असायचे. पुस्तकांबद्दल ते एका शब्दाने बोलत नव्हते. एकदा फक्त माळ्याकडे बघत म्हणाले, "पुस्तकां बेगमीक घातलंस काय गो?" आणि पुन्हा पान लावायला लागले.

महिनाअखेर आली. उपप्राचार्यांनी कपाट दुरूनच बघितलं, "छान" म्हणाले, आणि गेले. त्यांना सर्दी झाली होती. ती सर्दी माझ्या कुलदैवताने पाठवली होती यात मला शंका नाही.

सरांना मात्र सर्दी नव्हती. श्रावण लागला होता, सर श्रावण कडक पाळायचे. पहिल्या सोमवारी उपाशीपोटी ते मागच्या खोलीत आले आणि दारातच थांबले. त्यांनी नाक वर केलं. "इथे कुणी डबा खाल्ला का?"

"नाही, सर."

"मग मांजर आलं असणार. कुठे तरी मासा पडलाय."

आता करायचं काय? श्रावणात आम्हीही मासे खात नव्हतो, पण टांगलेले बांगडे काही उपास पाळत नाहीत. त्यांचा वास धुराबरोबर पानापानांत जाऊन बसला होता. मला सवयीमुळे तो कळतच नव्हता. सरांनी दोन दिवस खोली पालथी घातली. टेबलं हलवली, कपाटांमागे काठी घातली, रुमाल नाकाला लावून जमिनीवर वाकून बघितलं. आणि मीही त्यांच्याबरोबर गुडघ्यांवर रांगत तो नसलेला मासा शोधत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला त्या दोन दिवसांत भाकरी गिळवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सरांनी माझ्या कपाटातलं एक पुस्तक काढलं, खुर्चीत बसले, उघडलं, आणि नाक पानाजवळ नेलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं. पुस्तकातली मराठी कुठच्या कुठे पळाली. माळा, धूर, आईचं लुगडं, बांगडे, सगळं मालवणीतच बाहेर पडलं. फक्त लावणीचं सांगितलं नाही. तापाचं खोटं मी तेव्हाही धरून ठेवलं, का ते मलाच ठाऊक नाही. एवढं सांगून झाल्यावर तेवढंच कशाला दडवायचं होतं!

सर कपाटापाशी गेले. एक-एक पुस्तक काढून बघू लागले. बुरशी कुठेच नव्हती, हे त्यांना दिसत होतं. पण दोन पुस्तकं त्यांनी बाजूला काढली. धगीने त्यांच्या पाठीचा सरस वितळला होता. पानं सुटून आली होती आणि पुठ्ठे वाकले होते. ती दोन पुस्तकं मी घाईत, लक्ष न देता परत ठेवली होती.

"आणि इथे सहा कमी आहेत," ते म्हणाले. "ती कुठे आहेत?"

"चुलीवर."

"चुलीवर!" सरांनी डोळे मिटले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "उद्या ती सहा आणून दे. आणि त्यानंतर कामावर येऊ नकोस. मी तुला दोनच नियम सांगितले होते."

मी एस.टी.त रडले नाही. घरी पोचल्यावर उंबऱ्यातच बसकण मारली आणि मग रडले, आणि रडता रडता तापाच्या खोट्यासकट सगळं सांगितलं. आईने आधी बांगड्यांना शिव्या घातल्या, मग सरांना, मग स्वतःला. वडील पडवीत उभे राहून ऐकत होते. मला वाटलं आता ते म्हणतील, झालं ना समाधान? मावशीला पत्र लिहा. त्यांना तसं म्हणायचा हक्क होता. मी तर ते ऐकायच्या आधीच त्यांच्यावर चिडून बसले होते. ते मात्र कांबळं डोक्यावर घेऊन गोठ्यामागे गवताच्या उडवीकडे गेले.

सकाळी मी उठले तेव्हा वडील पडवीत मांडी घालून मुडी बांधत होते. गवताचे पेंढे पसरले होते, मधोमध आईच्या लुगड्यात गुंडाळलेली ती सहा पुस्तकं. पायाच्या अंगठ्यात दोरीचं टोक धरून ते वळसा घालत, ओढत, पुन्हा वळसा घालत. आमच्या वडिलांसारखी मुडी आजूबाजूच्या चार वाड्यांत कुणी बांधत नसे. त्यांची मुडी पाण्यात टाकली तरी आतला दाणा कोरडा राहायचा. बांधून झाल्यावर त्यांनी ती थोपटली, खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "चल."

"तुमी कित्याक?"

"तेंका सांगूचा आसा."

मी दप्तर घेऊन त्यांच्यामागून निघाले.

आंबोलीहून उतरणारी गाडी आली. कंडक्टरने खांद्यावरची मुडी बघितली आणि त्याला चेव आला. "बाबानु, श्रावणात खंयचा बियाणा पेरतास?"

"कॉलेजात," वडील म्हणाले आणि जागेवर बसले. पुढचा सबंध रस्ता ते खिडकीबाहेर बघत होते. मुडी मांडीवर होती.

ग्रंथालयाच्या पायरीशी वडील थांबले, आत येईनात. पाय चिखलाने भरलेले होते. मी आत जाऊन सरांना सांगितलं, "माझे वडील आलेत." सर बाहेर व्हरांड्यात आले. पाऊस पडतच होता. वडील पन्हळीखालून जेमतेम आत, मुडी खांद्यावर तशीच.

"साहेब," वडिलांनी सुरुवात केली. त्यांनी आयुष्यात बोललेली ती पहिली पुस्तकी मराठी असावी. "हिला ताप नव्हता. लावणी होती. मी ठेवलेलं हिला." एवढ्यावर त्यांची ती मराठी संपली. मग ते म्हणाले, "कपाट बंद रवला ता माझ्यामुळा. चूक माझी आसा. चेडवाचा नाव कापू नकात."

मी खांबाला धरून उभी होते. जन्मात मी वडिलांना कुणाची विनवणी करताना बघितलं नव्हतं. सावकारापुढेही ते ताठ उभे राहत. मला कॉलेजात पाठवायला नाही म्हणणारा माणूस, मी कॉलेजात राहावं म्हणून पावसात उभा राहून खालमानेने बोलत होता. मला इतकी लाज वाटली आणि त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की दोन्हींतलं कुठलं जास्त ते कळेना.

सरांचं लक्ष मुडीवर गेलं. ते दोन पायऱ्या उतरून खाली आले. त्यांनी मुडीला हात लावला. रुमालाने बोटं न पुसता, तसाच.

"कोणी बांधल्यान ही?" सर म्हणाले.

सरांच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदाच ऐकत होते. वडिलांनी चमकून वर पाहिलं.

"मियां."

"माझो बापूस अशीच बांधी," सर म्हणाले. "मी काय शिकलंय नाय. सोडा बघू."

वडिलांनी व्हरांड्यातल्या बाकावर मुडी ठेवली आणि एका हिसक्यात दोरीची गाठ सोडली. गवत पसरलं, लुगडं उलगडलं. सहाही पुस्तकं कोरडी ठाक. सरांनी एक उघडून वास घेतला आणि त्यांना जरासं हसू आलं. "ह्येका बांगडो कमी लागलो," ते म्हणाले.

मग माझ्याकडे न बघता वडिलांना म्हणाले, "ताप नाय होतो, ता माका त्याच दिवशी कळला. तिच्या पायांक चिखल्यो होत्यो. तापात चिखल्यो येणत नाय."

माझी नजर आपोआप माझ्या पायांकडे गेली. आठ दिवस चिखलात उभं राहिल्यावर बोटांच्या बेचक्यांत जी कातडी जाते, ती त्या दिवशी सरांनी पाहिली होती. म्हणूनच त्यांनी खाली पाहिलं होतं. आणि मी महिनाभर समजत होते की माझं खोटं पचलं.

"मगे बोललात नाय कित्याक?" वडिलांनी विचारलं.

"ती सांगतली म्हणान वाट बघत होतंय," सर म्हणाले.

तेवढ्यात कॉलेजचा शिपाई छत्री झटकत व्हरांड्यात आला आणि सर पुन्हा पुस्तकी मराठीत गेले. "हे बघा, दोन पुस्तकांचं नुकसान झालंय. ती हिने स्वतः शिवून, बांधून द्यायची. मी शिकवीन. मगच मागचं सगळं मिटलं. आणि तू," आता ते माझ्याकडे वळले, "पुढच्या वर्षी लावणीला रजा हवी असेल तर आधी अर्ज करायचा. खरं कारण लिहून. समजलं?"

"हो, सर."

वडिलांनी बाकावरचं गवत गोळा करून काखेत मारलं. म्हशीला होईल, म्हणाले. सरांनी त्यांना चहाला थांबायला सांगितलं, पण गाडीची वेळ झाली होती.

ती दोन पुस्तकं शिवायला मला दिवाळीपर्यंत वेळ लागला. सुई बोटात किती वेळा गेली त्याची गणती नाही. सर एकदाही छान म्हणाले नाहीत. पण दिवाळीनंतर त्यांनी फाटलेली पुस्तकं माझ्याकडेच द्यायला सुरुवात केली. माझा पास चालू राहिला. वर्ष पार पडलं. मावशीला त्या मेमध्ये मुंबईतच मुलं सांभाळायला दुसरी मुलगी मिळाली. कपाटातला वास गेला म्हणाल तर नाही, पण त्या खोलीत येणारी मुलं मांजराला दोष देत आणि सर तो देऊ देत.

दुसऱ्या वर्षीचा जुलै आला. तरवा तयार झाला. मी आदल्या दिवशीच सरांच्या नावाने अर्ज लिहिला होता, 'भाताच्या लावणीसाठी आठ दिवसांची रजा मिळावी.' तो दप्तरात ठेवला, आणि सकाळी गाडीच्या आधी तासभर लावून मग जाऊ, अर्ज देऊन संध्याकाळी परत येऊ, असा हिशेब करून चिखलात उतरले. आई एका टोकाला, वडील दुसऱ्या टोकाला, मधली ओळ माझी. दोन मुठी तरवा लावला असेल नसेल, वडील ओळीतून सरळ उभे राहिले.

"तू भायर नीघ," ते म्हणाले. "गाडी येतली."

"लावणी?"

"लावणी आमी करतलों. थंय कपाट कोण उघडतलो?"

मी काही तरी बोलणार होते. आईने हाताने खूण केली, जा म्हणून. मी बांधावर येऊन ओढ्यात पाय धुतले, साडी सारखी केली आणि रस्त्याकडे पळाले. गाडी आलीच होती. खिडकीतून मागे बघितलं तेव्हा वडील पुन्हा वाकले होते, आणि माझ्या अर्धवट सोडलेल्या ओळीत उभे राहून तीच आधी पुरी करत होते.